लिंबू सरबताच्या एकतीस पायऱ्या

गिरगावातल्या एका शाळेत मी बावीस वर्षं गणित शिकवत होते. एके दिवशी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकाबाई शिक्षकखोलीत आल्या आणि म्हणाल्या, "वेगळ्या गरजा असलेली मुलं आता आपल्याकडेही येतायत. कुणीतरी विशेष शिक्षणाचं रीतसर प्रशिक्षण घ्यायला हवं. दोन वर्षांचा कोर्स आहे. कोण जातंय?"

सगळ्यांनी आपापल्या डब्यात डोकं घातलं. माझा डबा संपला होता. बघायला दुसरी जागाच उरली नव्हती म्हणून मी वर बघितलं, आणि माझी निवड झाली.

हे मी कुणालाही सांगते आणि लोक हसतात. सांगत नाही ते असं, की त्याच्या आदल्या वर्षी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिला पाढे येत नव्हते. मी तिला रोज मधल्या सुट्टीत बसवून सातचा पाढा घोटवून घेतला. वर्षअखेर पाढा आला नव्हताच, उलट जिन्यात माझी चाहूल लागली की तिच्या पोटात दुखायला लागायचं. जूनमध्ये तिचं नाव हजेरीत नव्हतं. दाखला नेताना आईने कारण लिहिलं होतं, घर बदलले. घर त्यांनी बदललं नव्हतं. खोताच्या वाडीच्या तोंडाशी ती मला दोनदा दिसली, आणि दोन्ही वेळा रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

तर मी दादरच्या त्या कॉलेजात गेले. पहिल्याच दिवशी घोळ झाला. बावीस वर्षांची सवय, वर्गात शिरल्यावर पाय आपोआप टेबलाकडे वळले. पोरं उभी राहिली. मी "बसा" म्हटलं, ती बसली. पर्समधून चष्मा काढून मी खुर्चीवर टेकते न टेकते तोच दारातून एक बारीक चणीची, तिशीतली मुलगी आत आली. तिने माझ्याकडे बघितलं, वर्गाकडे बघितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बसा बाई, बसा. मी उभ्यानेच शिकवते."

त्या आमच्या मॅडम. मी तिसऱ्या बाकावर गेले. शेजारी तेवीस वर्षांची एक मुलगी होती, ती दोन वर्षं मला काकू म्हणत राहिली.

दुसऱ्या महिन्यात मॅडमनी गृहपाठ दिला. रोजचं एक काम निवडायचं आणि ते छोट्या छोट्या पायऱ्यांत तोडून लिहायचं. मी लिंबू सरबत घेतलं. पाच पायऱ्या लिहिल्या. पाणी घ्या, लिंबू पिळा, साखर घाला, ढवळा, प्या. अक्षर सुंदर, समास आखलेला.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी सगळं सामान आणलं आणि माझा कागद समोर ठेवला. "पाणी घ्या." त्यांनी पाण्याची बाटली घेतली आणि काखेत धरली. "लिंबू पिळा." अख्खं लिंबू दोन्ही हातांत धरून त्या ग्लासवर पिळू लागल्या. लिंबाला घाम फुटला नाही, मला फुटला. "साखर घाला." साखरेची बंद पुडी त्यांनी तशीच ग्लासात कोंबली.

वर्ग खिदळत होता. मी न राहवून ओरडले, "अहो, लिंबू आधी कापायचं ना!"

"कुठे लिहिलंय?" मॅडम म्हणाल्या.

कुठेच नव्हतं. आणि मी बाई कोण? गणितात पायरी गाळली म्हणून ज्यांनी शेकडो मुलांचा अर्धा अर्धा गुण कापला, त्या.

घरी आल्यावर मी नवऱ्याला कामाला लावलं. ते सरकारी कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला येत. मी म्हटलं, "मी लिहिलंय तेवढंच करायचं. आपली अक्कल वापरायची नाही."

"तेहतीस वर्षं दुसरं काय केलं?" ते म्हणाले आणि बाह्या सरसावून उभे राहिले.

इतका आदर्श विद्यार्थी मला पुन्हा मिळायचा नाही. "फ्रिज उघडा" लिहिलं, त्यांनी उघडला. "लिंबू घ्या", घेतलं. फ्रिज उघडाच. मी लिंबू कापण्याचं वाचून दाखवत राहिले आणि मागे फ्रिज कुंई कुंई करत राहिला.

"अहो, बंद करा की!"

"तसा आदेश नाही."

बिया सरबतात पडल्या, त्या काढण्याचा आदेश नव्हता. सुरी जमिनीवर पडली, उचलण्याचा आदेश नव्हता. आठवड्याभरात पाचाच्या एकतीस पायऱ्या झाल्या. प्रत्येक पायरीचं चित्र काढायचं होतं, पण माझं लिंबू बघून त्यांनी टोपलीतून बटाटा उचलला. म्हणून शेवटी मी त्यांच्या हातांचे फोटो काढले आणि पुठ्ठ्यावर चिकटवले. रोज संध्याकाळी ते एकतीस कार्डं क्रमाने लावत, सरबत करत आणि एक शब्द न बोलता पिऊन टाकत.

हा पाठ मला परळच्या एका विशेष शाळेत घ्यायचा होता. विद्यार्थिनी पंधरा वर्षांची, उंच, दोन घट्ट वेण्या घातलेली. ती फार कमी बोलायची. आई तिला लालबागहून चालत घेऊन यायची आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायची.

पहिल्या दिवशी मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "चल बाळा, इकडे ये, हात धू आणि ते कार्ड बघ." माझा नेहमीचा आवाज म्हणजे साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकाला झोपू न देणारा. मुलीने दोन्ही कानांत बोटं घातली आणि ती टेबलाखाली गेली.

कोपऱ्यात बसून मॅडम माझं निरीक्षण करत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. मी पुन्हा बोलावलं, जरा गोड आवाजात. गोड आवाज पण मोठाच निघाला. शेवटी साडी सावरून मीही टेबलाखाली गेले. गुडघे दोनदा वाजले. आत आम्ही दोघी दहा मिनिटं बसून होतो. मी गप्प. एवढा वेळ मी वर्गात गप्प राहिल्याचं मला आठवत नाही. मग तिने कानांतली बोटं काढली आणि माझ्या बांगड्या मोजायला लागली. हळू, एकेक करून. सहा झाल्यावर म्हणाली, "झालं."

मला बाहेर काढायला मात्र मॅडमना हात द्यावा लागला. "आजचा पाठ चांगला झाला," त्या म्हणाल्या. मला वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती.

पुढचे सहा आठवडे मी कुजबुजत शिकवलं. एका वेळी एकच सूचना. ती सांगितली की तोंड बंद ठेवून मनात दहा आकडे मोजायचे आणि वाट बघायची. हे मला सगळ्यांत जड गेलं. तिसऱ्या आकड्यालाच जीभ वळवळायची. पण ती मुलगी बरोबर आठव्या-नवव्या आकड्याला हात पुढे करायची. मला सातच्या पाढ्याची ती मुलगी आठवायची. तिला मी कधी तीन आकड्यांपर्यंतसुद्धा वेळ दिला नव्हता.

परीक्षेच्या पाठाला बाहेरून परीक्षक आल्या होत्या. मुलीने कार्डं लावली. फ्रिज उघडला, लिंबू घेतलं, फ्रिज बंद केला. लिंबू कापलं, पिळलं, बिया काढल्या. साखर दोन चमचे. मग ढवळायला लागली. ढवळतेय, ढवळतेय. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. माझ्या लक्षात आलं, थांबायचं कधी हे मी लिहिलंच नव्हतं. मी आकडे मोजत राहिले, पन्नासाच्या पुढे गेले.

अचानक ती थांबली. चमच्याने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. पुढचं कार्ड होतं, ग्लास उचला. तिने कार्डाकडे बघितलंच नाही. सरळ कपाटाकडे गेली, बरण्या धुंडाळल्या, चिमूटभर मीठ आणून ग्लासात टाकलं, पुन्हा ढवळलं आणि ग्लास परीक्षकांच्या हातात दिला.

मीठ. एकतीस पायऱ्यांत मीठ नव्हतं.

परीक्षक प्यायल्या. "छान झालंय," म्हणाल्या, आणि मग माझी टाचणवही उलटी-सुलटी करून बघू लागल्या. "बाई, तुमच्या टाचणात मीठ कुठे आहे?"

"नाही," मी म्हटलं. "ते तिने शिकवलं."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, त्यांचे खांदे हलत होते.

घरी येऊन मी नवऱ्याला विचारलं, "दोन महिने बिनमिठाचं सरबत पीत होतात. सांगता येत नव्हतं?"

"त्यात मीठ असतं?" ते म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात माणूस सरबत प्यायला होता, पण कधी त्याच्यात डोकावला नव्हता.

मी पास झाले. शाळेत परत आले, तेव्हा नकाशांची अडगळीची खोली रिकामी करून मला दिली होती. आता तिथे सात मुलं येतात. मधल्या सुट्टीत मात्र मी दार उघडं टाकून सगळ्यांना खेळायला हाकलते, कुणालाही बसवून ठेवत नाही.

परळच्या त्या मुलीच्या आईचा मध्येच एकदा फोन आला होता. मुलगी आता घरी येईल त्याला सरबत देते. शेजारणींना देते, मीटर बघायला येणाऱ्याला देते, गॅसवाल्याला तर दोन ग्लास. पाहुणा नको म्हणाला तरी ग्लास धरून समोर उभी राहते. आई हसत होती की वैतागली होती, फोनवर नीट कळेना.

"बाई," त्या म्हणाल्या, "करूक शिकवलास ता बरा झाला. आता हिका थांबवूचा कसा, ता पण शिकवा."

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येते. अजून गेले नाहीये. त्याच्या पायऱ्या मी अजून लिहितेय.