मापाच्या पडद्याआड

माझं शिवणाचं दुकान म्हणजे घराच्या पडवीत एक मशीन आणि माप घ्यायला कोपऱ्यात टांगलेला चादरीचा पडदा. वाडीच्या वरच्या अंगाला काजूचा कारखाना आहे. तिथे मुकादमाने झारखंडहून नऊ बायका आणल्या होत्या. त्या कधी वाण्याच्या दुकानावर दिसल्या नाहीत, की जत्रेला. "चोरटी आसतली, म्हणान भायर सोडणत नाय," शेजारीण म्हणायची. मलाही तसंच वाटायचं.

एकदा दुपारी मुकादमाची बायको त्यातल्या एकीला ब्लाउज शिवायला घेऊन आली. विशी-बाविशीची असेल. काजूच्या चिकाने बोटं काळी पडून सालं निघालेली. मी तिला गाव विचारलं, उत्तर मुकादमाच्या बायकोने दिलं. बाही किती ठेवू विचारलं, तेही तिनेच सांगितलं. हात हिचा आणि बाही तिला कळते?

पडद्याआड टेप लावताच मुलीने माझं मनगट धरलं. "दीदी, फोन."

मी हात सोडवून घेतला. फोन घेऊन पळाली तर? की माझीच परीक्षा बघायला हिला पाठवलीय? "हात वर कर," मी मोठ्याने म्हटलं. तिने केला. ती आवाज न करता रडत होती.

त्या गेल्यावर मला ते कापड कापवेना. दोन दिवसांनी मी निरोप धाडला, मुंढ्याचं माप चुकलंय, तिला परत आणा.

या वेळी पडद्याआडच्या स्टुलावर मी माझा फोन ठेवला होता. बाहेर मुकादमाच्या बायकोपुढे गळ्यांच्या नमुन्यांचं पुस्तक टाकलं आणि एका चिंधीवर नुसतीच मशीन दामटत राहिले. आत ती कुजबुजत होती.

संध्याकाळी तिने लावलेल्या नंबरावरून तिच्या भावाचा फोन आला. दोन महिन्यांसाठी म्हणून नेलेल्या बहिणीला वर्ष झालं तरी परत येऊ देत नव्हते. सगळ्यांची आधार कार्डं मुकादमाकडे. गेटला कुलूप. आई आजारी, तरी सोडली नाही.

नवऱ्याला मी काही बोलले नाही. आमच्या बागेतल्या काजी, काजूच्या बिया, विकायला त्याच कारखान्यात जायच्या. धागे-बटणं आणायची म्हणून एसटीने कणकवलीला गेले आणि सरकारी कचेरीत सगळं सांगितलं. कारकुनाने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"मी तिचा ब्लाउज शिवते."

त्याने लिहून घेतलं, पण त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. चार दिवस कोणी आलं नाही. त्यानेच मालकाला कळवलं असणार, अशी माझी खात्रीच झाली. त्यात मुकादम स्वतः दारात आला. "झाला असेल तेवढा द्या," म्हणाला आणि पडद्याकडे बघत उभा राहिला. मी बिनहुकाचा ब्लाउज घडी घालून दिला.

पाचव्या दिवशी सकाळी कारखान्यावर सरकारी जीप आली. मुकादमासमोर विचारलं तेव्हा नऊही जणी म्हणाल्या, "सब ठीक है." मग जीपमधून आलेल्या अधिकारी बाईंनी एकेकीला मागच्या गोदामात नेऊन दार लावून घेतलं. दुपारपर्यंत सातजणी पिशव्या घेऊन जीपमध्ये बसल्या. माझं गिऱ्हाईकही त्यांत होतं. मुकादमावर केस झाली. मालक म्हणाला, मला यातलं काही ठाऊक नाही.

नवऱ्याला बाजारात कळलं. "माका सांगलंस कित्याक नाय?"

"तुमी थंय काजी घालतास."

त्या रात्री तो जेवला नाही.

ती घरी पोचली. आईला भेटली, असं भावाने कळवलं. दोघी मात्र इथेच राहिल्या. आता नवा मुकादम आहे, दिवसा गेट उघडं असतं. त्या दोघी वाण्याच्या दुकानावर येतात. मी हसले तर मान वळवतात. राहणार म्हणून त्यांनी स्वतःहून सांगितलं, की कोणी सांगायला लावलं, हे मला अजून कळलेलं नाही.