पंप सुरू झाला की चित्र जायचं

चित्र परत गेलं तेव्हा मी शिडीवर होतो आणि माझा डावा हात प्रोजेक्टरच्या लोखंडी ब्रॅकेटवर होता. त्याच वेळी बोटांपासून कोपरापर्यंत बारीक झिणझिणी गेली. मी हात काढला. पडदा काळा झाला, चित्र आलं, पुन्हा गेलं.

"बघितलंत ना भाऊ?" खालून अश्विनीवहिनी म्हणाल्या. "हे असं होतं. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा एकदासुद्धा झालं नाही."

मी हाताकडे बघत बसलो.

मी रत्नागिरीतल्या एका दुकानासाठी होम थिएटर बसवतो. भाट्यातलं हे घर माझंच काम. वहिनींचे यजमान बोटीवर असतात; घरात वहिनी आणि त्यांच्या सासूबाई, त्यांना मी काकी म्हणतो. मागच्या सुट्टीत त्यांनी हौसेने वरची खोली थिएटरसाठी करून घेतली. छताला प्रोजेक्टर, खाली रिसीव्हर, म्हणजे चित्र आणि आवाज वाटून देणारा डबा, आणि दोघांना जोडणारी लांब एचडीएमआय केबल. ही दोन यंत्रं केबलवरून सतत एकमेकांची खात्री करून घेत असतात. आमच्याकडे त्याला हँडशेक म्हणतात. तो तुटला की चित्र जातं, जुळला की येतं. बघणाऱ्याला वाटतं प्रोजेक्टर लुकलुकतोय. बहुतेक वेळा दोष केबलचाच असतो, म्हणून मागच्या फेरीला मी केबल बदलून गेलो होतो.

पण केबल खराब झाली म्हणून हाताला झिणझिण्या येत नाहीत.

खाली उतरून पिशवीतून व्होल्ट मोजायचा मीटर काढला. भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थिंगला एक टोक लावलं, न्यूट्रलला दुसरं. इथे एक-दोन व्होल्ट दिसावेत. नव्वदच्या वर दिसले. मला वाटलं मीटर गेला. टोकं काढून परत लावली, तेच. मग एकदम आकडा खाली आला आणि त्याच वेळी पडद्यावरचं चित्र शांत झालं.

अर्थिंग म्हणजे घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूला जमिनीशी बांधून ठेवणारी तार. कुठे करंट सुटला तर तो माणसातून न जाता त्या तारेने जमिनीत जावा, एवढ्यासाठी ती असते. या घरात तीच तार करंट घरभर वाटत होती. फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या पत्र्याला. मला घाम फुटला. मी मुळात भित्रा माणूस आहे आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही.

"वहिनी, फ्रिज उघडताना हाताला कधी काही जाणवतं?"

"येतात की थोड्या झिणझिण्या. कधी येतात, कधी नाही. आम्ही चप्पल घालून उघडतो." त्यांनी हे असं सांगितलं, जसं कुणी दार जरा घट्ट बसतं म्हणून सांगावं.

तेवढ्यात दुकानातून शेठचा फोन आला.

"झालं का रे?"

"शेठ, केबलचं नाही हे. अर्थिंगमध्ये करंट आहे."

"वायरिंग आपलं काम नाही. पिशवीत ऑप्टिकल केबल दिलीय ती लाव आणि ये. झटक्यात थांबेल."

शेठ चुकीचं सांगत नव्हते. ऑप्टिकल केबलमधून सिग्नल काचेच्या तंतूतून प्रकाशाने जातो, त्यामुळे अर्थिंगची गडबड तिच्यातून पुढे जात नाही. ती लावली असती तर चित्र जायचं खरोखर थांबलं असतं. वहिनी खूश, शेठ खूश, मी घरी. आणि फ्रिज तसाच राहिला असता. हे लक्षात आलं तेव्हा मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली.

"नंतर करतो फोन," म्हणून मी ठेवला. इतक्यात चित्र पुन्हा गेलं. मी कान दिला. घरामागून घुर्रर्र असा दमलेला आवाज येत होता.

"हे काय सुरू झालं?"

"विहिरीवरचा पंप. टाकी रिकामी झाली की आपला आपण सुरू होतो. हल्ली मेला ओढतच नाही. बापू वायरमनने मागच्या पावसाळ्यात जोडून दिलान, तेव्हा छान ओढायचा."

"जोडून दिला म्हणजे काय केलं?"

"माडाची झावळ पडून तार तुटली होती. बापू म्हणाला, तिनातली एक गेली तर गेली, दोहोंवर चालेल. आणि बोर्डावरचा तो स्विच सारखा पडायचा, तोसुद्धा बाजूला काढून ठेवलान."

आता सगळं समजलं. तुटली ती न्यूट्रल, म्हणजे पंपातून करंट परत यायची वाट. बापूने अर्थिंगची तारच परतीला वापरली होती. पंपाने ओढलेला सगळा करंट घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यातून जमिनीत जात होता. पावसाळ्यात ओली जमीन तो घेत होती. मे महिन्यात आमचा जांभा हाडासारखा कोरडा होतो, तो करंट घेईना. तो सारखा पडणारा स्विच अशाच वेळी पडून जीव वाचवायला असतो.

"मग उन्हाळ्यात पंप चालवता कसा?"

"आई रोज अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततात ना. कळशीभर ओतलं की जरा बरा ओढतो."

खड्ड्यात पाणी घालायची पद्धत आमच्याकडे घरोघरी आहे, आणि ती चांगलीच आहे. पण या घरात तो खड्डा म्हणजे उघडी तार होती.

"काकी आत्ता कुठे आहेत?"

"मागेच गेल्यात. कळशी घेऊन."

वहिनी मागच्या दाराकडे धावल्या. मी ओरडलो, "मागे नको, मेन स्विच कुठाय?" त्यांनी खाली पडवीकडे बोट दाखवलं. जिना कसा उतरलो ते आठवत नाही. पडवीत बोर्डावर कपडे वाळत टाकलेले होते. ते खेचून काढले आणि मेन खाली पाडला. घुरघुर थांबली. मागे काही हालचाल ऐकू येईना. मी मागच्या दाराकडे धावलो.

काकी अनवाणी, ओल्या मातीत उभ्या होत्या. कळशी अर्धी ओतून झाली होती. दुसरा हात खड्ड्यातून वर आलेल्या लोखंडी पाइपावर, आधाराला.

"पंप का बंद पडला रे?" त्या म्हणाल्या. "आता कुठे ओढू लागला होता."

"काकी, हाताला काही होतंय?"

"मुंग्या येतात. रोजच्याच आहेत त्या. गुडघ्यासाठी पाइपाला धरते ना, त्यानेच हात आखडत असेल. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यानीत."

वहिनी तिथेच पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. मलाही बसावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनने पंपाला नवी तार ओढली आणि तो स्विच परत बसवला. मीटरवर एक व्होल्ट. पंप पूर्ण वेगात चालू ठेवून आम्ही एक अख्खा सिनेमा पाहिला. चित्र एकदाही गेलं नाही. ऑप्टिकल केबल न विकता आलो म्हणून शेठ दोन दिवस बोलले नाहीत.

बापूला मी फोन केला. भांडायचंच ठरवून केला होता.

"अरे, त्यात काय एवढं?" तो म्हणाला. "मागच्या पावसात किती जणांच्या तारा तुटल्या. बऱ्याच जणांना तसंच जोडून दिलंय. चालतायत की सगळे."

"कुणाकुणाला? नावं सांग."

तो म्हणाला, "आता ती कशी रे आठवणार?"

त्या संध्याकाळपासून मी आणि तो इलेक्ट्रिशियन भाट्यात विहीर दिसेल त्या घरात शिरतोय. लोक विचारतात, काय बिघडलंय? आम्ही म्हणतो, माहीत नाही, बघायचंय. त्यावर बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं. चालतंय की. हे ऐकलं की मी मीटर बाहेर काढतो.