पंधरा पायऱ्यांवरचं माहेर

दीपनगरच्या वसाहतीत आमच्या खालच्या घरात एक वयस्कर गृहस्थ राहतात. बेल कधी वाजवत नाहीत. जिन्यात दोनदा खाकरतात आणि दार उघडेपर्यंत उभे राहतात. मला 'साहेब' म्हणतात. माझ्या बायकोशी तर थेट बोलतच नाहीत. तिच्यासाठीचा निरोपही आमच्या एक वर्षाच्या मुलीकडे बघून सांगतात. मला ते जरा तुसडेच वाटायचे.

आम्ही सावंतवाडीचे. सणाला गावी जायचं तर रजा जुळत नाही. आखाजी, म्हणजे इकडची अक्षय्य तृतीया, उद्यावर आली तेव्हा घरोघरी लेकी माहेरी आल्या होत्या, झाडांना झोके लागले होते. बायको खिडकीतून बघत राहिली. मग तिने पडदा ओढला आणि घडी केलेल्या कपड्यांच्याच पुन्हा घड्या घालू लागली.

तेवढ्यात जिन्यात दोनदा खाकरणं ऐकू आलं. दारात ते उभे होते, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. या वेळी तिच्याशीच बोलले.

"चाल पोरी, बॅग भर. तुले न्यायाले आलो."

पंधरा पायऱ्या उतरायला तिने खरंच बॅग भरली. ती त्यांनीच उचलली.

संध्याकाळी मी तिला आणायला गेलो. लेकीला मांडीवर घेऊन ती कडुनिंबाच्या झोक्यावर बसली होती. ते मध्येच आडवे आले.

"जावईबापू, इतकी काय घाई? आखाजी झाल्याबिगर आम्ही पोरगी धाडत नसतो."

मी एकटाच वर आलो. आईचा व्हिडिओ कॉल आला. सून दिसेना म्हणून तिने विचारलं.

"माहेरी गेलीय," मी म्हणालो.