खाच पडलेली पाकळी

खळ शिजल्याचा वास आला की मला नौपाड्यातला तो दुकानदार आठवतो. डोंबिवलीच्या घरात बसून मी चाफ्याच्या फुलाचा कंदील बनवलेला. साचा कापताना कात्री सटकली आणि एका पाकळीला खाच पडली, ती तशीच ठेवली. वकील मैत्रिणीने बजावलं, "कुणाला दाखवायच्या आधी डिझाइन रजिस्टर कर." ते केलं, मगच नमुना दुकानदाराकडे नेला. त्याने तो आठवडाभर ठेवून घेतला आणि "चालणार नाही" म्हणून परत दिला. पुढच्या दिवाळीच्या तोंडावर त्याच्या दुकानभर माझाच चाफा लटकत होता. जाब विचारला तर गिऱ्हाइकांसमोर हसला, "चाफा काय तुमच्या मालकीचा आहे का, ताई?" मी तिथून थेट मैत्रिणीकडे गेले. वसुबारसेला मैत्रिणीची नोटीस घेऊन गेले. "चाफा नाही हो, पण ही खाच माझीच आहे," म्हणत एकेका कंदिलाची तीच पाकळी दाखवली. तो हात जोडून म्हणाला, "एवढी दिवाळी जाऊ द्या." मी नाही जाऊ दिली. स्टुलावर चढून त्याने सगळे कंदील स्वतः उतरवले आणि मी खुर्ची मागून घेऊन बघत बसले. अजूनही दर दिवाळीत मी वाकडी वाट करून त्या दुकानात जाते आणि गिऱ्हाइकांसमोरच विचारते, "चाफ्याचा कंदील आहे का हो?"