तीस सप्टेंबरची पवनचक्की

आमच्या चाळीत गेलं वर्षभर एकच कुजबुज: गोरखने कर्नाळ्यापलीकडच्या ठाकरवाडीत दुसरं बिऱ्हाड थाटलंय! दर रविवारी हा डबा घेऊन एसटीत बसतो आणि संध्याकाळी काळे हात घेऊन परततो. या कुजबुजीला मीही फोडणी घातली, खोटं कशाला बोला? शेवटी त्याची बायको ललिता नळावर माझ्यावरच घसरली. "भावोजी, डब्यात ग्रीस असतं. सवत हाय, पण ऐंशी फूट उंच आनि लोखंडाची!"

म्हणजे पवनचक्की.

गोरख मूळचा कोन गावचा. एसटी स्टँडमागच्या टपरीत पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देतो. चौऱ्याण्णव साली बाजारपेठेतल्या एका शेठने त्याला पवनचक्कीच्या कामावर घेतलं. गड्याने हौसेने आधी वारा तपासला. ललिताच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या दोन बांबूंना बांधल्या, एक बांबू ठाकरवाडीमागच्या डोंगरमाथ्यावर रोवला, एक पायथ्याशी. पावसाळाभर माथ्यावरच्या पट्टीच्या फडफडून चिंध्या झाल्या. पायथ्याची ओल्या टॉवेलासारखी लोंबत राहिली. वाडीतल्या सखूबाईला हे दाखवून त्याने शब्दच दिला, "माथ्यावर उभी करू. वाडीत लाइट येईल." वाडीत तेव्हा विजेचा खांबसुद्धा नव्हता. चक्कीवरून वाडीला जोडणी द्यायला शेठनेही मान डोलावली होती.

पुढच्या जुलैत शेठने मान फिरवली.

"माथ्यावर रस्ता करायलाच वर्ष जाईल, गोरख. मला तीस सप्टेंबर गाठायचाय."

"पन शेठ, खाली वारा नाय."

"कायद्यात वारा लिहिलाय कुठे?"

शेठ खोटं बोलत नव्हता. पवनचक्की घेतली की तिची अख्खी किंमत पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा, कर तेवढा कमी. पुरती सूट हवी तर मार्चअखेर संपणाऱ्या आर्थिक वर्षातले निदान सहा महिने ती वापरात हवी. म्हणून तीस सप्टेंबर. वीज किती झाली, हे विचारणारा रकानाच नव्हता.

चक्की उभी राहिली पायथ्याशी, डांबरी रस्त्यालगत. तीस तारखेला चक्की चालू झाल्याचा दाखला द्यायला सरकारी साहेब आले, फोटोवाला आला, वारा काही आला नाही. पाती ढिम्म. शेठ घामाघूम. मग गोरखने वाडीतली पंधरा माणसं हाक मारून आणली आणि खालच्या पात्याला सुटती गाठ मारून दोर बांधला. सगळ्यांच्या पुढे सखूबाई, पदर खोचून. एक जोराचा हिसका, गाठ सुटली, पाती दोन फेरे फिरली. फोटो निघाला, सही झाली, पेढे वाटले गेले. वाडीवाल्यांनी टाळ्या पिटल्या.

त्यानंतर पाती वर्षातून चार-पाच दिवस फिरत असतील. वाडीची जोडणी राहिलीच. वीजच नाही तर जोडणी कशाला, म्हणतो शेठ, आणि चुकीचं तरी काय म्हणतो? त्याची करसूट पहिल्याच वर्षी वसूल झाली. गोरख मात्र पदरचं भाडं घालून ग्रीस लावायला जातो.

परवा जिन्यात मी त्याला अडवलंच. "अरे, शेठ तिला विसरला, सरकार विसरलं, तू कुणासाठी वंगण थापतोस? कागदावर तर ती फिरलीये!"

एरवी माझ्या चेष्टेवर दोन शिव्या हासडणारा माणूस, त्या दिवशी कठड्याला धरून उभा राहिला.

"तुमी हसा. दोर ओढायला त्यांना मी बोलावलं व्हतं. ओढा, लाइट येईल, असं मीच सांगितलं. सखूबाई अजून इचारते, परत ओढायचा का?"