तिची माहिती जुळली, माझी नाही

आमची इमारत घाटकोपर पूर्वेला. मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका होते आणि समोरच्या दारातली माझी मैत्रीण पालिकेच्याच दवाखान्यात आया. दोघींनाही आता पेन्शन मिळते. संध्याकाळचा चहा कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे.

एकदा देवनारच्या एका संशोधन संस्थेतली मुलगी सोसायटीच्या हॉलमध्ये आली. नोकरी संपल्यावर बायकांची तब्येत कशी राहते, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. त्यासाठी आमची पेन्शनची नोंद आणि दवाखान्यातली नोंद एकमेकींशी जोडायची होती. नोंदी जुळल्या की नावं काढून टाकणार, फक्त नंबर ठेवणार, आणि जुळलेल्यांपैकी काहींशी घरी येऊन बोलणार, असं तिनं समजावलं. आम्ही दोघींनी संमती दिली.

मग फोन आला तो फक्त मैत्रिणीला. मुलगी तिच्याकडे बोलायला येऊ लागली. तास तास बसायची. दारापलीकडून मला दोघींचं हसणं ऐकू यायचं आणि माझा जीव जळायचा. एवढी वर्षं मुलांना शिकवलं, चार शब्द नीट बोलता येतात मला! आणि ऐकायला माणूस जातं हिच्याकडे?

शेवटी मी त्या मुलीला जिन्यातच गाठलं. "माझं काय झालं गं?"

"काकू, तुमची पेन्शनची नोंद मिळाली. पण दवाखान्यात तुमच्या नावावर काहीच नाही. तुम्ही कधी अॅडमिटच झाला नाहीत ना! जोडायला दुसरी बाजूच नाही. चांगलंच आहे की."

तिला चांगलं वाटलं. मला मात्र त्या क्षणी मैत्रिणीच्या आजारपणाचाही हेवा वाटला. खोटं कशाला सांगू?

पुढच्या वेळी मी सरळ कांदाभजीची ताटली घेऊन तिच्या घरात शिरले. मुलगी अवघडली. "काकू, हे बोलणं खासगी असतं..."

"बसू दे तिला," मैत्रीण म्हणाली. "तिच्यापासून काय लपवायचं?"

आणि मग ती ऑपरेशनबद्दल बोलू लागली. गर्भाशय काढलं तेव्हाचं. गाठ कसली निघेल या भीतीनं ती रात्ररात्र जागी असायची. मुलगा दुबईला, त्याला कळवलं नव्हतं. शेजारच्या कॉटवरची बाई तिला पाणी पाजायची.

माझ्या हातातलं भजं हातातच राहिलं. त्या महिन्यात ही कणकवलीला बहिणीकडे गेली होती, असं मला सांगितलं होतं तिनं. आल्यावर मी तिला म्हटलंही होतं, गावचं पाणी मानवलं नाही वाटतं, सुकलीस.

मुलगी गेल्यावर मी भांडलेच. "तिची ओळख कालची. तिला सगळं सांगतेस, आणि मला कणकवली?"

"ती विचारते आणि गप्प बसते," मैत्रीण म्हणाली. "तू विचारतेस आणि लगेच शिकवायला लागतेस. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, आधी का नाही दाखवलंस? मला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं गो."

ताटली उचलून मी घरी आले. आठवडाभर चहा आपापल्या घरी. मुलीच्या येण्याजाण्याचा आवाज आला की मी टीव्ही मोठा करायचे.

मुलीचं काम संपलं. त्यानंतर एके सकाळी मैत्रिणीनं दार वाजवलं. तिच्या तपासणीची तारीख होती. "येतेस? पण तिथं डॉक्टरला शिकवायचं नाही."

मी गेले. रांगेत तिची पिशवी सांभाळत गप्प बसले, आणि ते मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. बाहेर येताच तिनं मोबाइल काढला आणि आधी त्या मुलीला फोन लावला. मी बाजूला उभी होते. तिच्या चेहऱ्यावरचं हसू बघून बरं वाटत होतं, आणि पोटात दुखतही होतं.