दुसरी ट्रॉली

आधी त्या बाईचं सांगतो. जतकडनं ऊस तोडायला आलेली, पन्नाशीची बाई. तिनं अख्खा ऊस माझ्या गाडीवर फेकून मारला, म्हणून माझी पोरगी आज शाळेत जाते आहे.

मी आठवीतनं शाळा सोडली आणि गलाईच्या कामाला तमिळनाडूत गेलो. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. विट्याकडच्या कितीतरी घरांतलं एखादं माणूस असं परमुलखात भट्टीपुढं बसलेलं असतं. गाडी मी तिकडंच शिकलो. गेल्या हिवाळ्यात सुट्टीला आलो तेव्हा सासुरवाडीहून, कुंडलहून, मेहुण्याची गाडी घेऊन सकाळी आमच्या गावाकडं निघालो. बायको शेजारी, चार वर्षांची पोरगी तिच्या मांडीवर. पट्टा कुणीच लावला नव्हता.

"आवं, पोरीला मागं बसवूया का?" बायकोनं विचारलं.

"आपलाच रस्ता हाय. डोळं झाकून नेतो बघ," मी म्हणालो.

आपलाच रस्ता! मी गाव सोडलं तेव्हा इथं दोन्हीकडं कुसळं आणि मेंढरं होती. लांबवरचं माणूस स्पष्ट दिसायचं. मग कालव्याचं पाणी आलं आणि डोक्याच्या वर गेलेला ऊस रस्त्याला येऊन टेकला. आई फोनवर कौतुकानं सांगायची, त्यामुळं मला ते ठाऊक होतं. पायाला मात्र ठाऊक नव्हतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय त्या जुन्या, मोकळ्या माळावरच होता.

डावीकडच्या उसातनं एक ट्रॅक्टर बाहेर आला आणि ट्रॉली ओढत रस्ता आडवा ओलांडू लागला. मी वेग कमी केला. ट्रॉली उजवीकडं सरकली तशी मागं जागा दिसायला लागली. तेवढ्यात फोन वाजला, आईचा. मी खाली बघितलं आणि बघता बघताच पाय दाबला.

काचेवर धाडकन काहीतरी आदळलं. ब्रेक कसा दाबला मला आठवत नाही. पोरगी पुढं फेकली गेली, बायकोनं तिला पोटाशी आवळलं. मी रागानं मान वर केली, शिवी ओठांवर आलेली. आणि बोनेटपुढं हातभर अंतरावरनं, उभ्या उसाच्या आडनं, दुसरी ट्रॉली निघाली. गच्च भरलेली. कुरकुरत, सावकाश, संपेचना. ती उसाची टोकं बरोबर पोरीच्या तोंडाच्या उंचीला होती.

ट्रॅक्टर थांबला. पहिल्या ट्रॉलीवर, उसाच्या ढिगावर बसलेली ती बाई वरनंच ओरडली, "आरं ए, डोळं हायती का बटणं? एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असत्यात, ठावं न्हाई व्हय रं?"

मी गाडी बंद करून खाली उतरलो. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "सायब परदेशातनं आल्यात वाटतं!" कुणी हसलं नाही.

"मावशी," मी कसंबसं म्हणालो, "लय उपकार झालं. कुठं जायाचं असलं तर सांगा, मी सोडतो गाडीनं."

तिनं काच बघितली, मग पोरीला बघितलं. "तुझ्या गाडीत? नगं बाबा. मी हितंच बरी हाय." आणि जरा हळू आवाजात, "त्यो ऊस पोरीला सोलून दे. भ्यालीया ती."

मी पोरीला मागच्या सीटवर नेऊन पट्टा लावला. फोन बंद करून बायकोकडं दिला. तिथनं गावापर्यंत मी प्रत्येक बांधाला थांबलो. मागनं लोक हॉर्न मारत होते. अजूनही कुठं आडोसा दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, इकडं तमिळनाडूतसुद्धा, जिथं त्या उसातल्या रस्त्यासारखं काहीच नाही. रात्री पोरगी झोपेत हलली तरी मी उठून बसतो.

तिचं नाव विचारायचं राहिलं. गाव तेवढं ट्रॅक्टरवाल्याकडनं कळलं. मावशी, एखाद्या साली ऊसतोडीचा हंगाम संपून कारखाना बंद झाला की, मी तुमच्या टोळीच्या खोपीवर येईन. आधी पोरीला बसवून तुमच्यासमोर गाडी चालवून दाखवीन. तुमची खात्री पटली तरच दार उघडीन, आणि तुम्हाला तुमच्या दारात नेऊन सोडीन. नाही पटली, तर पुढच्या साली परत येईन.